उसनी झोप

हंगाम निम्म्यावर आला होता आणि करार वाढणार की नाही, या काळजीनं तिशी उलटलेल्या फुटबॉल बचावपटूच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्यात क्लबनं प्रत्येकाला झोप मोजणारं घड्याळ दिलेलं, त्यातली नोंद थेट संघाच्या डॉक्टरच्या मोबाईलवर जायची. झोप कमी दिसली की गडी थकला म्हणून बाकावर, आणि बाकावरच्या माणसाचा करार कोण वाढवतो? मग तो रोज रात्री ते घड्याळ बाबांच्या मनगटावर बांधू लागला.

“बांध, बांध,” बाबा हसायचे. “आयुष्यभर तुझ्या आईनं माझ्या झोपेला नावं ठेवली. आता ती पोराच्या कामी येतेय.”

“लहान मुलासारखा झोपतो हा!” असं संघाचा डॉक्टर कौतुकानं सांगायचा, आणि याचं नाव अकरा जणांत पक्कं व्हायचं.

आज सराव लवकर होता. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांची झोपमोड नको, म्हणून घड्याळ त्यांच्या हातावर तसंच ठेवून तो पाय न वाजवता बाहेर पडला.

सराव संपला, तसा डॉक्टर मोबाईलकडे बघत त्याच्याजवळ आला.

 

“अरे, घड्याळ बदलून घे तुझं. पहाटे तीनपासून नाडीच दाखवत नाहीये.”