नालायक जावई

"आई, आमचं परत वाजलंय," असं लेकीनं फोनवर मुसमुसत सांगितलं आणि अर्ध्या तासात आई-बाबा तिच्या सोफ्यावर हजर झाले. एरवी ही दोघं एका घरात राहून, जेवायला काय करू हेसुद्धा फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून विचारायची. आज मात्र खांद्याला खांदा लावून बसली होती.

"हा माणूस कवडीच्या लायकीचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," बाबा म्हणाले.

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" आई म्हणाली.

तासभर जावयाची सालटी काढून दोघं उठली. "पायरी जपून गं," म्हणत बाबांनी जिन्यात आईचा हात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात असं दृश्य क्वचितच दिसायचं. दोघं दिसेनाशी होईपर्यंत लेक बघत राहिली, मग तिनं दार लावलं.

आतल्या खोलीतून नवरा हसत बाहेर आला. "मी किती दिवस नालायक राहायचं? पुढच्या रविवारच्या खोट्या भांडणात चूक तुझी असू दे ना."

"तेही करून पाहिलंय. माझी चूक म्हटली, की मी कुणावर गेलेय यावरून दोघांची जुंपते," ती म्हणाली. "एकमत काय ते तुझ्याबद्दलच आहे."