दुसरं आणि चौथं

"पाऊल पुढं टाकलंस तर याद राख!"

द्राहोमिराबाई काचघराच्या दारात आडव्या उभ्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात खुपसलेले, पण आवाज खणखणीत.

पोलीस सार्जंट रादिम खांद्यावर फावडं घेऊन थबकला. चेक देशात, मोराव्हियातल्या या गावात बदली होऊन त्याला महिना झाला होता आणि एवढ्यातच लोक त्याला हसायला लागले होते. कुणाला दंडाची पावती दिली, तर तिचं कागदी विमान होऊन ठाण्याच्या खिडकीतून आत यायचं. आज माघार घेतली की संपलंच, हे त्याला कळत होतं.

"आजी, तक्रार आलीय. गांजाची पाच झाडं आहेत म्हणे. कायद्यानं माणशी तीनच."

"कुणी केली? शेजारच्या ओटाकारनंच ना? मेल्याच्या काकड्या वाढत नाहीत, म्हणून माझ्या काचेला नाक लावून बसतो!"

"नाव नाही सांगितलं." सकाळी फोनवर कुणीतरी बसक्या आवाजात एवढंच बोललं होतं. पाच झाडं आहेत, फावडं घेऊन या, ऊन चढायच्या आत या.

तो त्यांच्या बाजूनं आत शिरला. एका ओळीत पाच झाडं, पुरुषभर उंच, पण इतकी खेटून की पानांत पानं अडकलेली. वाऱ्याला शिरायला जागा नव्हती. खालच्या पानांवर पांढरी बुरशी धरायला लागली होती.

"नशेला नाही लावलीत मी. हे बघ!" बाईंनी खिशातून हात काढले. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली, वाकडी. "डुकराच्या चरबीत पाला उकळून मलम करते. ते नसलं तर थंडीत चमचा धरता येत नाही मला. कायदा येणारेय का सूप भरवायला?"

रादिमला वाईट वाटलं. पण आता मागं कसं फिरायचं?

"दंड नाही लावत, ताकीद देतो. तीन ठेवा, दोन मी उपटणार."

"मग कडेची ने! पण दुसऱ्याला नाही तर चौथ्याला हात लावलास, तर गाठ माझ्याशी आहे. जीव आहे माझा त्यांच्यात!"

रादिमचं डोकंच फिरलं. इथंही हुकूम बाईचाच? त्यानं सरळ दुसऱ्या झाडाच्या बुडाशी फावडं घातलं.

"अरे राक्षसा! जरा बेतानं! शेजारच्या झाडाची मुळं तुटली तर बघ!"

अर्धा तास बाईंची जीभ थांबली नाही आणि त्याचं फावडंही. दुसरं निघालं, चौथं निघालं. "आणि खड्डे कोण बुजवणार, तुझा बाप?" म्हणून खड्डेही बुजले. घामाघूम झालेला रादिम पोत्याला गाठ मारून ताठ उभा राहिला. या गावात पहिल्यांदाच त्याचं कुणीतरी ऐकलं होतं.

बाईंनी हात पुन्हा खिशात खुपसले. मग म्हणाल्या, "कंबर धरली असेल तुझी. टेबलावरची मलमाची डबी घे आणि चालता हो."

आता त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. त्यानं डबी उचलली.

खाली कागद होता. वेड्यावाकड्या अक्षरांत आजची तारीख. एका ओळीत पाच गोल, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर फुली. उरलेल्या तिन्हींच्या मधे लिहिलेलं, 'हातभर जागा'. त्याखाली पोलीस ठाण्याचा फोन नंबर, आणि नंबरापुढे: 'फावडं आणायला सांगणे.'