बिनस्टँडची सायकल

लीलाबाईचा नवरा देवीदास फॅक्टरीत ड्यूटीवर असतानाच गेला. वर्षभराने त्याच्या जागी पोरीला, एकताला, फॅक्टरीत नोकरी लागली, तशी लीलाबाई तिच्यासोबत सायकल घ्यायला गेली. एकताने हायब्रीड पसंत केली. वजनाला हलकी, गिअरवाली, चढावर न दमवणारी.

लीलाबाईने सायकल चहूबाजूंनी न्याहाळली. "हिला स्टँड काहून नाही?"

"हायब्रीड में नहीं आता, आंटीजी. कहो तो लगा दूँ?" दुकानदार म्हणाला.

"नको भैया, वजन वाढतं," एकता म्हणाली. "टिका दूँगी कहीं भी."

"तुझ्या बाबांची कशी, कुठंही खटकन उभी राहायची," लीलाबाई पुटपुटली. ती सायकल अजून फॅक्टरीतच होती. ती घरी आणायचा धीर लीलाबाईला झालाच नव्हता.

पहिल्या दिवशी एकता परतली, तेव्हा लीलाबाई दारातच उभी होती. "कुठं टेकवली मग सायकल?"

"शेडमध्ये जागाच नव्हती, आई. मग बाबांच्या सोबतचे एक काका मला कोपऱ्यात घेऊन गेले. बाबांच्या सायकलला टेकवून ठेवली."

लीलाबाई हळूच म्हणाली, "गंजून गेली असन ना?"

"नाही गं. चेनला तेल होतं. काका लोक दर शनिवारी तिच्यात हवा भरून राहिले. म्हणे, घरून कोणी ना कोणी येईनच."