मारामारीची केस

भिंतीतून कोणीतरी बोलतंय, असं म्हणत उमंगने बोळिंजच्या फ्लॅटमधल्या सगळ्या काचा फोडल्या. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

"गुरुजी, पोराला लॉकअप नको, डॉक्टर हवा," हवालदार त्याच्या वडिलांना, पाटकर हेडमास्तरांना म्हणाला. "सही द्या, इस्पितळात पोचवतो."

"वेड्यांच्या? उद्या आमच्या उन्नतीला पाहुणे बघायला येतायत. घराण्यात वेड आहे म्हणतील. त्यापेक्षा मारामारीत आत टाका याला."

"पण मार कोणाला लागलाय?"

मास्तरांनी शर्टाची बाही व्यवस्थित दुमडली, एक काच उचलली आणि स्वतःच्या हातावर ओढली. रक्त आलं.

"बाबा!" उमंग टॉवेल घेऊन धावला.

"पाहिलंत?" मास्तर ओरडले. "पुन्हा अंगावर येतोय!"