हरसूलचं मशीन

मालनबाई टेम्पोपुढे बसल्या त्या बसल्याच. भर बाजाराच्या दिवशी, मातीत, पदर खोचून.

"चाक फिरवायचं आसंल तर माझ्यावरनं फिरव," त्यांनी ड्रायव्हरला बजावलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

नाशिकच्या मुख्य कार्यालयाचा हुकूम असा, की जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या कार्यालयांतली जमिनीच्या नोंदींची मशिनं गोळा करायची, नोंदी नाशिकच्या एकाच मोठ्या मशीनमध्ये भरायच्या, आणि पुढे ज्याला जो उतारा हवा तो तिथूनच नेटवरून यायचा. नांदगावचं मशीन मुकाट्याने गेलं होतं. आज हरसूलची पाळी. नोंदी भरून व्हायला सहा महिने लागतील, असं हुकमातच लिहिलं होतं. म्हणजे वर्ष धरून चाला.

मालनबाईंकडे सहा दिवससुद्धा नव्हते. वनजमिनीच्या दाव्याची सुनावणी सोमवारी होती. मोजणीचा उतारा दाखवला नाही तर दावा गेला, आणि नवऱ्यामागे एकटीने कसलेली दीड एकर जमीनही गेली. तो उतारा मशीनमध्ये होता, आणि तो काढायला त्या आजच आल्या होत्या.

मशीन सांभाळणारी रोहिणी कार्यालयाच्या दाराला पाठ लावून उभी होती.

"मॅडम, बाजूला व्हा," नाशिकहून आलेले मनोजसाहेब म्हणाले.

"होणार नाही. पावसाळ्यात इथे चार-चार दिवस नेट नसतं. तेव्हा माणसांना काय सांगू? नाशिकला चालत जा म्हणून?"

"ते तुम्ही वर कळवा."

"सात पत्रं लिहिली, साहेब. एकाचंही उत्तर नाही."

मालनबाईंचा ऊर भरून आला. पोरगी खमकी निघाली. साहेबासमोर असं बोलणारं माणूस त्यांनी या कार्यालयात कधी पाहिलं नव्हतं.

तासभर हमरीतुमरी चालली. शेवटी साहेबांनी बॅगेतून कागद काढला. "निलंबनाची ऑर्डर आहे. फक्त तारीख टाकायची बाकी आहे. टाकू?"

रोहिणी दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "पावती द्या. मशीन चालू स्थितीत ताब्यात घेतलं, असं लिहून."

"देतो की."

"लावून दाखवू का एकदा?"

"नको, बाई. अख्खी सकाळ गेली माझी इथे."

साहेबांनी मशीनच्या पेटीवरचा पांढऱ्या रंगातला नंबर सामानाच्या नोंदवहीशी जुळवला, बरोबरची खूण केली आणि पावतीवर सही ठोकली. सरकारी तपासणी म्हणतात ती एवढीच. पेटी पोत्यात गुंडाळून टेम्पोत चढली.

रोहिणी पायऱ्या उतरून मालनबाईंजवळ आली.

"मावशी, उठा. जाऊ द्या गाडी."

मालनबाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "तू बी त्यांचीच निघाली व्हय?"

"उठा म्हणते ना."

"नाय उठायची. जमीन माझ्या घामाची हाय. तुला नोकरी प्यारी, तर तू हो बाजूला."

रोहिणीने दंड धरून त्यांना उठवलं. टेम्पो धूळ उडवत नाशिकच्या रस्त्याला लागला आणि मालनबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. घाबरट, लाचार, साहेबांची चमची. बाजारातली माणसं थांबून ऐकत होती. संतापाने मालनबाईंना रडू फुटलं.

टेम्पो वळणाआड गेल्यावर रोहिणी म्हणाली, "झालं बोलून? आता आत चला."

तिने त्यांना मागच्या, जुन्या फायलींच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. गठ्ठ्यांच्या मागे काहीतरी घरघरत होतं. रोहिणीने दोन-चार बटणं दाबली. कागद सरकत बाहेर आला. मालनबाईंना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव त्या ओळखत होत्या. ते वरच होतं.

"मंग त्यांनी काय नेलं?"

"दोन वर्षांपूर्वी जळालेलं," उताऱ्यावर शिक्का मारत रोहिणी म्हणाली. "सामानाच्या वहीत अजून तेच आहे. हे माझ्या भावाने सातपूरच्या कारखान्यातून जोडून आणलं, ह्याच्यावर नंबर घालायचा राहूनच गेला."