केन्नाचं स्वप्न उतरवताना

स्वप्नात आरशात आपलं तोंड दिसलं, म्हणजे घरात दुसरी बायको येणार, असं देवळातल्या पुजाऱ्यानं केन्नाला सांगितलं. ते ऐकून त्याची बायको, तखात, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“येऊ दे तर खरी. उंबऱ्यावरच झिंज्या उपटते तिच्या.”

अशुभ स्वप्न उतरवायला जवाच्या बिअरमध्ये भिजवलेली भाकर तोंडावर चोळतात. केन्नानं डोळे मिटले. इसिस माउलीचं नाव घेत तखात त्याचे गाल चोळू लागली.

भिंतीला तिचा तांब्याचा आरसा टेकवलेला होता. त्यात केन्नाच्या गालावर फिरणाऱ्या हातात निळी कांकणं होती.

तखातचे हात उघडे होते.

“घर माझं आहे, बये,” आरशाकडे बघत ती म्हणाली, आणि तिनं हात मागे घेतला.

“हां, अस्संच चोळत राहा,” केन्ना डोळे मिटूनच पुटपुटला. “पण हात किती गार पडलाय गं तुझा.”