चारशे बारा अंगठे

सांगताना मान वर होत नाही, पण सांगतो. प्रश्नोत्तरांच्या साइटवर एका सुनेनं विचारलं होतं, "सासऱ्यांचं कानाचं मशीन सारखं शिट्टी मारतं. काय करू?"

मी लिहिलं, "काढून डब्यात ठेवा. या वयात त्यांच्याशी बोलतंय कोण?"

चारशे बारा जणांनी अंगठा दिला. खाली एका मशीन दुरुस्त करणाऱ्यानं लिहिलं होतं, "कानातला मळ काढून घ्या, कानात बसणारा साचा नवा करा." त्याला एकच अंगठा.

"तो एक कुणाचा हो?" बायकोनं विचारलं.

"त्याच्या बायकोचा असेल. तू मला अजून दिला नाहीस."

सुनेनं 'सर्वोत्तम उत्तर' म्हणून त्या दुरुस्तीवाल्यालाच निवडलं. माझा तिळपापड झाला. वय विसरून मी खाली विचारलं, "मग चारशे लोक मूर्ख का?"

तिनं लगेच लिहिलं, "तसं नाही हो काका. साचा बदलल्यावर सासऱ्यांना स्वच्छ ऐकू यायला लागलं. मग हौसेनं त्यांनी सगळी उत्तरं माझ्याकडून वाचून घेतली. तुमच्या उत्तराला तर पोट धरून हसले.

"नंतर त्यांनी मशीन काढून डब्यात ठेवलं. आठवडा झाला, घालतच नाहीत."